2,500 डॉलरला घेतलेले चित्र : लिंचबर्गच्या महाविद्यालयीन कलादालनाचे प्रकरण

1920 साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग या लहान शहरात एका महिला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींनी आणि शहरातील रहिवाशांनी मिळून 2,500 डॉलर जमवले आणि जॉर्ज बेलोज या तेव्हा हयात असलेल्या चित्रकाराचे ‘मेन ऑफ द डॉक्स’ हे तैलचित्र महाविद्यालयासाठी विकत घेतले. 2014 च्या फेब्रुवारीत त्याच महाविद्यालयाने ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला 2 कोटी 55 लाख डॉलरना विकले. नुसत्या आकड्यांकडे पाहिले तर रक्कम दहा हजार पटींहून अधिक वाढली, आणि तेवढ्यावर थांबणाऱ्याला हा सौदा फायद्याचाच वाटेल. महाविद्यालयाच्या कलादालनाला त्यासाठी जे मोजावे लागले ते मात्र ताळेबंदात कुठेही दिसत नाही, आणि हे टिपण त्याविषयी आहे.

या प्रकरणाची चर्चा सहसा ‘विकायला हवे होते की नको’ या एका प्रश्नाभोवती फिरते. मला ते प्रदर्शनाच्या बाजूने पाहायचे आहे. महाविद्यालयाचे छोटे कलादालन जगते ते प्रदर्शनांवर, आणि ती प्रदर्शने उभी राहतात दुसऱ्यांनी विश्वासाने उसन्या दिलेल्या कलाकृतींवर. हा विश्वास कसा जमतो आणि कशाने जातो, हे लिंचबर्गच्या शंभर वर्षांच्या हकिकतीत फार जवळून पाहता येते.

प्रदर्शनातून उभा राहिलेला संग्रह

महाविद्यालयाचे मूळ नाव रँडॉल्फ-मेकन वुमन्स कॉलेज. 1891 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत लुईझ जॉर्डन स्मिथ या कलेच्या पहिल्या प्राध्यापिका होत्या, आणि 1911 मध्ये त्यांनी समकालीन अमेरिकन कलेचे वार्षिक प्रदर्शन सुरू केले. ज्या काळात वर्गात कलेचा इतिहास शिकवायचा तो कृष्णधवल छायाचित्रांवरून, आणि मूळ चित्र पाहायचे तर न्यूयॉर्कपर्यंत जायचे, त्या काळात त्यांनी मूळ चित्रेच ब्लू रिज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या गावात आणवली. विद्यार्थिनींना रंगाचा थर, कुंचल्याची ओढ, चित्राचे खरे मोजमाप आणि त्याच्यासमोर उभे राहिल्यावर शरीराला जाणवणारा त्याचा आकार हे सारे आपल्या इमारतीतच अनुभवता येऊ लागले. कला शिकवणाऱ्या कुणालाही याचे महत्त्व सांगावे लागणार नाही. पुस्तकात तळहाताएवढे छापलेले चित्र आणि भिंतीवर दीड मीटर रुंदीचे चित्र या दोन वेगळ्याच वस्तू आहेत.

प्रदर्शन दरवर्षी भरू लागले की एक गोष्ट आपोआप घडते, ती म्हणजे प्रदर्शन संपल्यावर सगळीच चित्रे परत पाठवायला मन होत नाही. आपल्याकडच्या कलामहाविद्यालयांतही वार्षिक प्रदर्शनातील निवडक कामे संस्थेने ठेवून घ्यायची पद्धत आहे, आणि पुढे वीस-तीस वर्षांनी तोच संस्थेचा संग्रह म्हणून दाखवला जातो. लिंचबर्गमध्ये हेच अधिक जाणीवपूर्वक झाले. प्रदर्शनांमुळे चित्रांची पारख तयार झाली, ती पारख खरेदीला उपयोगी पडली, आणि खरेदीतून संग्रह वाढला. प्राध्यापक स्मिथ 1928 मध्ये वारल्या तेव्हा अमेरिकन कलाकृती घेण्यासाठी त्यांनी आपला पैसा मागे ठेवला. पुढच्या दशकांत या संग्रहात जॉर्जिया ओकीफ आणि एडवर्ड हॉपर यांची चित्रे आली. हजारापेक्षा कमी विद्यार्थिसंख्या असलेल्या महाविद्यालयाकडे असा संग्रह असणे ही विलक्षण गोष्ट होती, आणि त्याच्या मुळाशी एका शिक्षिकेने नेटाने चालवलेले वार्षिक प्रदर्शन होते.

या संग्रहातली पहिली मोठी खरेदी म्हणजे ‘मेन ऑफ द डॉक्स’. बेलोज यांचा जन्म 1882 चा. ओहायो राज्यातून न्यूयॉर्कला येऊन ते रॉबर्ट हेन्री यांच्याकडे शिकले आणि शहरातल्या रस्त्यांचे, गोद्यांचे, मुष्टियुद्धाच्या आखाड्यांचे चित्रण करणाऱ्या चित्रकारांत त्यांची गणना होऊ लागली. हे चित्र 1912 मधले आहे. उंची सुमारे 114 सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे 161 सेंटिमीटर. हिवाळ्यातली सकाळ आहे, जागा ब्रुकलिनच्या धक्क्याची. जाड ओव्हरकोट घातलेले रोजंदारीचे मजूर ओझे ओढणाऱ्या घोड्यांपाशी घोळक्याने उभे आहेत. त्यांच्यावर एका प्रचंड जहाजाची बाजू भिंतीसारखी चढली आहे, आणि नदीपलीकडे मॅनहॅटनच्या उंच इमारती करड्या हवेत धूसर दिसत आहेत. मजुरांची नजर चित्राच्या चौकटीबाहेर कुठेतरी लागली आहे. आज काम मिळणार की नाही हे सांगणारा माणूस बहुधा तिकडे असावा; चित्रकाराने तो दाखवलेला नाही. त्या उभ्या असलेल्या माणसांच्या खांद्यांकडे नीट पाहिले तर थंडीपेक्षाही वाट पाहण्याचा ताण तिथे अधिक जाणवतो.

व्हर्जिनियातल्या तरुण मुलींनी आपल्या पहिल्या मोठ्या खरेदीसाठी हे चित्र निवडावे याचे मला फार अप्रूप वाटते. एखादे शोभिवंत निसर्गदृश्य किंवा व्यक्तिचित्र घेणे सोपे होते. त्यांनी कामाच्या प्रतीक्षेत थांबलेल्या मजुरांचे चित्र घेतले, आणि तेही आठ वर्षांपूर्वीच रंगवलेले. अमेरिकेत स्त्रियांना मतदानाचा घटनादत्त अधिकार मिळाला तो याच 1920 च्या ऑगस्टमध्ये, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पाच वर्षांनी, 1925 मध्ये, बेलोज अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारले.

बाँबपासून वाचवण्यासाठी बांधलेली इमारत

कलादालनाच्या इमारतीची कथाही सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने आपली निवडक चित्रे उत्तर कॅरोलिनातल्या बिल्टमोर या मोठ्या वाड्यात हलवून ठेवली होती. पुढे अणुयुद्धाची भीती निर्माण झाल्यावर राजधानीपासून पुरेशी दूर आणि तरीही मोटारीने गाठता येईल अशी कायमची जागा असावी असे त्या संस्थेला वाटले, आणि सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या लिंचबर्गमधील या महाविद्यालयाशी तिने करार केला. संकट आले तर राष्ट्रीय संग्रहातली चित्रे इथे येतील आणि एरवी महाविद्यालय ही इमारत आपले कलादालन म्हणून वापरेल, अशी ती व्यवस्था होती. ‘प्रोजेक्ट वाय’ या नावाने ठरलेले हे काम 1952 मध्ये पुरे झाले. 1983 मध्ये या वास्तूला मायर म्युझियम ऑफ आर्ट असे नाव मिळाले.

देशाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाला आपली चित्रे सुरक्षित राहतील असे वाटावे अशी ही जागा होती. एका छोट्या महाविद्यालयाला त्यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते मिळणार?

1 ऑक्टोबर 2007

महाविद्यालयाची आर्थिक अडचण खोटी नव्हती, आणि प्रकरणाचा न्यायाने विचार करायचा तर ती आधी समजून घ्यावी लागते. अमेरिकेतील खासगी महाविद्यालये कायम निधीच्या, म्हणजे देणग्यांतून साठवून गुंतवलेल्या रकमेच्या, उत्पन्नावर बऱ्याच अंशी चालतात. या निधीतून दरवर्षी साधारण पाच टक्क्यांच्या आसपास रक्कम काढावी आणि मूळ रक्कम टिकवावी, असा शहाणपणाचा दंडक मानला जातो. केवळ मुलींसाठी असलेल्या महाविद्यालयांकडे विद्यार्थिनींचा ओढा कमी झाला होता, प्रवेश वाढावेत म्हणून शुल्कात मोठ्या सवलती द्याव्या लागत होत्या, आणि त्यामुळे निधीतून काढायची रक्कम दंडकाबाहेर जात होती. मान्यता देणाऱ्या संस्थेने याबद्दल महाविद्यालयाला समज दिली. 2006 च्या सप्टेंबरमध्ये विश्वस्त मंडळाने मुलांनाही प्रवेश देण्याचा निर्णय घेतला आणि 2007 च्या जुलैपासून संस्थेचे नाव रँडॉल्फ कॉलेज झाले. माजी विद्यार्थिनींपैकी अनेकजणी या निर्णयाने अतिशय दुखावल्या. काही न्यायालयातही गेल्या. म्हणजे चित्रांचा प्रश्न निघाला तेव्हा संस्था आणि तिच्या माजी विद्यार्थिनी यांच्यातले नाते आधीच ताणलेले होते.

1 ऑक्टोबर 2007 रोजी विश्वस्तांनी चार चित्रे विकण्याचे ठरवले. त्यांत बेलोज यांचे ‘मेन ऑफ द डॉक्स’ होते. एडवर्ड हिक्स यांनी ज्या विषयावर आयुष्यभरात सुमारे साठ चित्रे काढली त्या ‘पीसेबल किंगडम’ मालिकेतले एक चित्र होते. अर्नेस्ट हेनिंग्ज यांचे ‘थ्रू द अरोयो’ होते. आणि मेक्सिकोचे रुफिनो तमायो यांचे 1945 मधले ‘ट्रूबाडोर’ होते. त्याच दिवशी दुपारी पोलिसांच्या उपस्थितीत ही चारही चित्रे भिंतीवरून उतरवण्यात आली आणि क्रिस्टीज या लिलावगृहाकडे रवाना झाली. संग्रहालयाच्या संचालकांनी राजीनामा दिला.

मला या हकिकतीत सर्वांत जास्त सलते ती ही दुपार. विक्रीचा निर्णय चूक की बरोबर यावर मतभेद होऊ शकतात. पण ज्या चित्रांसमोर विद्यार्थी टिपणे काढत होते, ज्यांवर अभ्यासक्रम बेतलेले होते, ती चित्रे एका दुपारी उतरवून नेताना महाविद्यालयाने आपल्याच शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना विश्वासात घेतले नाही. विरोध होईल आणि चित्रे हलवता येणार नाहीत, अशी भीती विश्वस्तांना वाटली असणार हे समजू शकते. परंतु आपल्याच माणसांपासून लपवून हालचाल करावी लागते तेव्हा आपण त्यांच्या मालकीचे काही उचलत आहोत याची कुठेतरी जाणीव असते. त्या मालकीला कायद्यात नाव नसेल, पण 1920 च्या वर्गणीने ती निर्माण केली होती.

ज्याने कलादालनातले चित्र स्वतः उतरवले आहे त्याला पुढचे दृश्य डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. मोठे चित्र निघाले की मागच्या भिंतीवर त्याच्या आकाराचा एक चौकोन उरतो. भोवतालचा रंग उन्हाने आणि धुळीने किंचित उतरलेला असतो आणि तो चौकोन मात्र ताजा राहिलेला असतो. वर चित्र टांगायचे आकडे तसेच असतात. दुसरे चित्र लावेपर्यंत येणारा प्रत्येकजण आधी तिकडे पाहतो.

न्यायालय, लिलाव आणि लंडन

विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला आणि नोव्हेंबर 2007 मधला लिलाव थांबला. परंतु हुकूम टिकवायचा तर खटला हरल्यास होणाऱ्या नुकसानभरपाईची हमी म्हणून आधी 1 कोटी डॉलर आणि नंतर कमी करून 10 लाख डॉलर तारण ठेवणे आवश्यक होते. तेवढी रक्कम जमली नाही आणि 2008 च्या आरंभी त्यांना माघार घ्यावी लागली. 1920 मध्ये वर्गणीने चित्र आणता आले होते. 2008 मध्ये वर्गणीने ते थांबवता आले नाही. मे 2008 मध्ये ‘ट्रूबाडोर’ न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 72 लाख डॉलरना गेले. तोवर लॅटिन अमेरिकन चित्राला लिलावात एवढी किंमत आलेली नव्हती. त्यानंतर महिन्याभरात, मुलांना प्रवेश देण्याच्या निर्णयाविरुद्धच्या दाव्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हे महाविद्यालय कायद्याच्या दृष्टीने निगम (कॉर्पोरेशन) आहे आणि त्याला न्यासाचा (ट्रस्टचा) कायदा लागू होत नाही. या निकालाने विश्वस्तांचे अधिकार अधिक पक्के झाले. त्याच वर्षी आलेल्या आर्थिक मंदीत कलाबाजार कोसळला आणि बेलोज यांच्या चित्राची विक्री लांबली.

2014 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते घेतले. आपल्या संग्रहात आलेले हे पहिले महत्त्वाचे अमेरिकन चित्र, असे त्या संस्थेने जाहीर केले. व्यवहाराबरोबर रँडॉल्फच्या विद्यार्थ्यांना लंडनमध्ये उमेदवारीची (इंटर्नशिपची) संधी आणि दोन संस्थांत शैक्षणिक सहकार्य हेही ठरले. महाविद्यालयाच्या बाजूने बोलायचे तर विक्रीचा हा मार्ग लिलावापेक्षा निश्चितच चांगला होता. चित्र एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात बंद झाले नाही. प्रवेशमूल्य नसलेल्या एका सार्वजनिक संग्रहालयात ते गेले, जिथे वर्षाला लाखो लोक येतात. शिवाय ब्रिटनच्या 1992 च्या कायद्यानुसार नॅशनल गॅलरीला आपल्या संग्रहातली चित्रे विकता येत नाहीत. ज्या चित्राला लिंचबर्गमध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले नाही, त्याला ते लंडनमध्ये मिळाले आहे.

अधिक लोक पाहतात, हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण पुरेसा वाटत नाही. मोठ्या संग्रहालयात शेकडो चित्रांच्या रांगेत एखाद्या चित्रासमोर माणूस क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. महाविद्यालयातली मुलगी त्याच चित्रासमोरून चार वर्षे जाते. पहिल्या वर्षी तिला घोडे दिसतात, दुसऱ्या वर्षी रंग कसा लावला आहे ते दिसते, आणि शेवटच्या वर्षी एखाद्या संध्याकाळी ती माणसे कुणाकडे पाहत आहेत हा प्रश्न तिला पडतो. एवढा वेळ दुसरे कोणते ठिकाण देऊ शकते? छोट्या कलादालनाची हीच खरी श्रीमंती आहे, आणि प्रेक्षकांची मोजदाद करून ती कळत नाही.

उसन्या कलाकृतींचा व्यवहार

आता ज्या मुद्द्यासाठी हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते तिकडे येतो. 2014 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने मायर म्युझियमवर निर्बंध घातले. संघटनेने आपल्या सदस्य संग्रहालयांना सांगितले की, या संग्रहालयाला कलाकृती उसन्या देऊ नयेत आणि प्रदर्शनांत त्याच्याशी सहकार्य करू नये. संघटनेचा तेव्हाचा नियम जुना आणि साधा होता: संग्रहातली कलाकृती विकता येते, मात्र आलेला पैसा नव्या कलाकृती घेण्यासाठीच वापरायचा, पगार, बांधकाम किंवा तूट भरून काढण्यासाठी तो वापरायचा नाही. रँडॉल्फने तो कायम निधीत घातला.

असा नियम कशासाठी असतो हे बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. संस्थेची वस्तू, संस्थेला गरज, मग अडचण कुठे? अडचण अशी की, संग्रहातली चित्रे हा अडीअडचणीला मोडायचा दागिना आहे असे एकदा ठरले की प्रत्येक तंगीत नजर आधी भिंतीकडे जाते, आणि ज्यांच्या भरवशावर संग्रह वाढतो ते सगळे हात आखडता घेतात. दाता विचार करतो की, मी दिलेले चित्र उद्या बाजारात दिसेल का? उसने देणारा विचार करतो की, ज्यांना स्वतःच्या चित्राची कदर नाही ते माझ्या चित्राची किती ठेवतील?

मी ज्या कलादालनाचे काम काही वर्षे पाहिले ते लिंचबर्गच्या मानाने फारच लहान, एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयातले. एका दिवंगत कलाशिक्षकांच्या जलरंगातल्या चित्रांचे प्रदर्शन भरवायचे ठरले तेव्हा मी त्यांच्या कन्येकडे गेलो. महाविद्यालयाच्या छापील कागदावर लिहिलेले विनंतीपत्र त्यांनी दोनदा वाचले. मग आतून जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेली सात चित्रे आणली आणि एकेक उलगडून दाखवताना प्रत्येकाची कुठली कड दुमडली आहे, कुठे बुरशीचा ठिपका आहे, हे मला सांगून माझ्याकडून कागदावर उतरवून घेतले. पोचपावतीवर मी सही केल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “भाऊ, ही परत तुम्हीच आणून द्याल ना?” चित्रांचा विमा उतरवण्याची आमची ऐपत नव्हती. त्यांनी चित्रे दिली ती त्या पत्राच्या माथ्यावरच्या महाविद्यालयाच्या नावाकडे पाहून, आणि त्या नावाची लाज राखणे एवढेच माझ्या हाती होते. प्रदर्शन संपल्यावर मी सातही चित्रे त्याच लुगड्यात गुंडाळून नेऊन दिली. पुढच्या वर्षी त्यांच्याच सांगण्यावरून आणखी दोन घरांनी आपली चित्रे दिली.

लहान असो वा मोठे, प्रदर्शनाचे काम असेच चालते. एका वर्षीची नीट झालेली परतफेड पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाचे भांडवल ठरते. लिंचबर्गच्या संग्रहालयाने हे भांडवल 1911 पासून जमवले होते, आणि ते त्याच्या स्वतःच्या कोणत्याही चुकीने गेले नाही. याचसाठी मला संघटनेच्या निर्बंधाबद्दलही पूर्ण समाधान वाटत नाही. विक्री ठरवली विश्वस्तांनी. प्रदर्शने अडली ती निर्णयात कोणताही वाटा नसलेल्या संग्रहालयाची. शिक्षा चुकीच्या दारात गेली असे म्हणता येईल. तरीही संघटनेकडे दुसरे साधन नव्हते हेही खरे. तिला महाविद्यालयाचे विश्वस्त बदलता येत नाहीत. ती फक्त आपल्या सदस्यांची चित्रे रोखून धरू शकते.

आर्थिक बाजूचाही हिशेब करून पाहावा. 2 कोटी 55 लाख डॉलर निधीत घालून वर्षाला पाच टक्के काढले तर सुमारे पावणेतेरा लाख डॉलर मिळतात. छोट्या महाविद्यालयाला ही रक्कम नगण्य नाही, आणि ती दरवर्षी मिळत राहते. पण महाविद्यालयाचा मूळ प्रश्न प्रवेशांचा आणि शुल्कसवलतींचा होता, आणि तो चित्र विकून सुटणारा नव्हता. उलट ज्या गोष्टीमुळे हे महाविद्यालय आपल्यासारख्या इतर छोट्या महाविद्यालयांपेक्षा वेगळे ठरत होते, तीच त्याने कमी केली.

रँडॉल्फ एकटे नाही. मॅसॅच्युसेट्समधील ब्रँडाइस विद्यापीठाने 2009 मध्ये आपले रोझ आर्ट म्युझियम बंद करून संग्रह विकण्याचे जाहीर केले; तिथे विरोध यशस्वी झाला आणि संग्रह वाचला. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाने, जॉर्जिया ओकीफ यांनी दिलेल्या संग्रहातला निम्मा हक्क दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर 2012 मध्ये 3 कोटी डॉलरना आर्कान्सामधील एका संग्रहालयाला दिला, आणि तेव्हापासून तो संग्रह दोन ठिकाणी आळीपाळीने राहतो. या तिन्हींत मला फिस्कची तडजोड सर्वांत सुसह्य वाटते, कारण चित्रे विद्यार्थ्यांच्या नजरेआड कायमची झाली नाहीत.

आपल्या नोंदवह्या

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचे वाटू नये म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपल्याकडची बरीच महाविद्यालये महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या शिक्षणसंस्था चालवतात. त्या कायद्याच्या कलम 36 नुसार संस्थेला आपली जमीन किंवा इमारत विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. हे कलम स्थावर मालमत्तेपुरते आहे. भिंतीवरचे चित्र जंगम मालमत्तेत मोडते, म्हणून मैदानाचा एक तुकडा विकायला जी परवानगी लागते ती त्या मैदानावर उभ्या असलेल्या इमारतीतल्या चित्राला या कलमाखाली लागत नाही. अशा वेळी चित्राचे रक्षण करते ती संस्थेची स्वतःची लेखी पद्धत: चित्र केव्हा, कुणाकडून, कोणत्या अटीवर आले याची नोंद, आणि संग्रहातून काही काढायचे झाल्यास कुणाला विचारायचे आणि पैसा कशावर खर्चायचा याचा आधीच केलेला ठराव.

असा ठराव तंगीच्या दिवसांत होत नाही, तो बऱ्या दिवसांत करून ठेवावा लागतो. अनेक ठिकाणी चित्रे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये खुर्च्या, कपाटे आणि पंख्यांच्या शेजारी नोंदलेली असतात, आणि ‘फ्रेमसह चित्र, नग 1’ एवढ्या एका ओळीत चित्रकाराचे नावही नसते. ज्या वस्तूला आपणच नाव दिलेले नाही, ती उद्या कुणी उचलून नेली तर तक्रार कशाच्या आधारे करणार? लिंचबर्गमध्ये नोंद उत्तम होती, चित्राचे मोल सर्वांना माहीत होते, आणि तरीही ते गेले. आपल्याकडे तर नोंदीपासूनच सुरुवात आहे.

‘मेन ऑफ द डॉक्स’ आता ट्रॅफल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. लिंचबर्गमध्ये 1911 साली सुरू झालेले वार्षिक प्रदर्शन अजूनही भरते. प्रत्येक प्रदर्शनाआधी तिथल्या क्युरेटरना कलाकृती मागणारी पत्रे लिहावी लागतात, आणि ज्यांना ती पोचतात ते मजकूर वाचण्याआधी पत्राच्या माथ्यावरचे महाविद्यालयाचे नाव वाचतात.